पोटरीला लागणारी धग

कप्तानांच्या मोटरसायकलवर इंजिनाची उष्णता मोजायचं यंत्र नव्हतं. ते काम कप्तानांची उजवी पोटरी करायची.

कप्तान म्हणजे काही जहाजावरचे किंवा फौजेतले नव्हेत. उभा जन्म त्यांनी एका छापखान्यात यंत्रांची देखभाल केली. पण सुट्टी लागली की सात-आठ मोटरसायकलींचा तांडा दूरच्या मुलखांत फिरायला निघायचा आणि तांड्याच्या पुढे कायम हे, म्हणून कप्तान. मागच्या सीटवर त्यांची बायको. एकदा गेलेला रस्ता ती जन्मात विसरत नसे. कुठल्या वळणावर खड्डा आहे, कुठल्या पुलाचा कठडा पडलाय, कुठल्या पंपावरच्या नळाला पाणी येतं, सगळं तिला तोंडपाठ. म्हणून ती नकाशावहिनी. पुढे नकाशा गळून पडला आणि नुसत्या वहिनी उरल्या. पोटची लेकसुद्धा थट्टेत आईला वहिनीच म्हणायची.

गाडी जुन्या घडणीची, दोन सिलिंडरची, वाऱ्यावर थंड होणारी. धावत असली की वारा लागायचा आणि सगळं कसं ठीक असायचं. रहदारीत उभी राहिली, की बसणाऱ्याच्या दोन मांड्यांमध्ये पेटती शेगडी! लांबच्या वाटांसाठी केलेली गाडी ती, ताटकळत उभं राहणं तिच्या रक्तातच नव्हतं. कप्तानांनी त्यासाठी आपले नियम बसवले होते. पुढच्या गाडीला चिकटायचं नाही, अंतर ठेवायचं, म्हणजे सारखं इंच इंच सरकावं लागत नाही. क्लच धरून ठेवायचा नाही, न्यूट्रलला टाकायची. उगाच अॅक्सिलरेटर पिळून गुरगुरायचं नाही. ट्रकच्या सावलीत थांबायचं, पण त्याच्या धुराच्या तोंडाशी नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम, उभं राहायचं तर बंद करून उभं राहायचं.

पण बंद कधी करायची? ते पोटरी सांगायची. इंजिनातून निघणाऱ्या गरम नळीवर कंपनीनं एक पत्रा बसवून दिला होता, पाय भाजू नये म्हणून. तो कप्तानांनी गाडी घेतल्याच्या पहिल्याच महिन्यात काढून फेकला. “पायाला कळू दिलं नाही तर मला कसं कळायचं?” पाय नळीपासून दोन बोटांवर धरायचा. आधी ऊब लागते, मग चटका, मग गाडी चावते. चावली की कप्तान ओरडणार, “चावतेय!” की इकडे इंजिन बंद आणि तिकडे वहिनी खाली उतरून हेल्मेट काढून चालायला लागलेल्या. पुढे काय अडलंय ते बघून यायचं त्यांच्याकडे. एका घाटात तर त्या इतक्या चालल्या, की तांड्यातल्या एकानं वर पोचल्यावर सगळ्यांना सांगितलं, “कप्तानांनी बायकोला चालत आणलं आणि गाडीला फिरायला.” ते वाक्य पुढे कितीतरी वर्षं दर सहलीला निघायचं आणि दर वेळी सगळे पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसायचे.

लेकीनं एका वाढदिवसाला तेलाच्या टाकीवर बसवायचा छोटा तापमापक आणून दिला, गोल, काट्याचा. कप्तानांनी तो बघितला, नखानं काचेवर टिचकी मारली आणि खणात टाकला. “माझी पोटरी शिकलेली आहे,” म्हणाले. “ह्याचा काटा अडकला तर? पोटरी कशी अडकेल?”

बाप म्हणजे सुंभ जळाला तरी पीळ न सोडणारा, हे लेकीला ठाऊक होतं.

आता ते दिवस सरले होते. दोघांनीही सत्तरी ओलांडली होती. तांड्यातले काही कायमचे गेले, काहींचे गुडघे गेले, काहींनी गाड्या विकून टाकल्या. डोंगरापलीकडे एक जुना दोस्त उरला होता. आवाज मोठा म्हणून त्याला भोंगा म्हणायचे. त्याचा फोन आला, “या रे एकदा, बघून घेऊ एकमेकांना.” कप्तान त्याच संध्याकाळी गाडीचं तेल बदलायला बसले. लेक म्हणाली, बसनं जा. कप्तान म्हणाले, बसनं गेलो तर भोंगा दारातूनच परत पाठवील.

वहिनींच्या डोक्यातून मात्र एक चप्पल जात नव्हती.

थंडीतली गोष्ट. सकाळी कप्तान जिना उतरून फाटकाकडे निघाले होते. उजव्या पायातली चप्पल जिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवरच राहिली आणि हे तसेच, एक पाय उघडा, अंगणातल्या बारीक खडीवरून चालत फाटकापर्यंत गेले. वहिनी वरून बघत होत्या. “अहो, चप्पल!” त्यांनी हाक मारली. कप्तानांनी खाली बघितलं. स्वतःच्या पायाकडे त्यांनी असं बघितलं, जसा काही दुसऱ्याच कोणाचा पाय चुकून आपल्या पँटीत आला असावा. मग हसले. “तळपायाला ऊन देतोय,” म्हणाले.

रक्तात साखर तर कितीतरी वर्षं होती. डॉक्टरीणबाई दर वेळी सांगायच्या, पायांना जपा, काही बधीर वाटतं का? कप्तान दर वेळी ठणकावून सांगायचे, “घोड्यासारखे आहेत.” चपलेनंतर वहिनींनी दोनदा विषय काढला. पालथ्या घड्यावर पाणी. आणि आताशा ते गाडीला किक मारत नाहीत, बटणानंच सुरू करतात, हेही त्यांनी बघून ठेवलं होतं. विचारलं तर म्हणायचे, बटण काय शोभेला दिलंय?

तर असे ते दोघं निघाले. दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, पुढे वारा अडवणारी काच, अंगात जाड जाकिटं, वर चढतं ऊन. सकाळ छान गेली. वहिनींना वाटेतलं एकेक आठवत होतं. इथं चाक पंक्चर झालं होतं, या झाडाखाली भोंगा गायला होता आणि पाखरं उडून गेली होती. कप्तान मान हलवत होते. म्हातारपणी नवरा-बायकोंना बोलायला सगळ्यांत सोपी जागा मोटरसायकल असते, असं वहिनींचं मत होतं. तोंडं बघावी लागत नाहीत.

दुपारी डोंगरातला बोगदा आला. पूर्वी इथं घाट होता, आता डोंगराच्या पोटातून रस्ता. आत शिरल्यावर गार वाटलं. दिव्यांच्या पिवळ्या ओळी, ओलसर भिंती, टायरांचा एकसुरी आवाज. बोगद्याच्या मध्यावर पोचले असतील नसतील, तोच पुढे लाल दिवे लागले, एकामागून एक, दूरवर. कप्तानांनी ब्रेक लावला. पुढे मालाचा कंटेनर, डाव्या हाताला भिंत, उजवीकडे पत्रे वाहणारा ट्रक, आणि बघता बघता मागेही रांग. पेट्यांमुळे गाडी इतकी रुंद की फटीतून निसटायचीही सोय नाही.

“काय झालं असेल?” वहिनी म्हणाल्या.

“काहीतरी आडवं झालं असेल. होईल मोकळं.”

झालं नाही. रांग जराशी सरकायची, थांबायची, पुन्हा जराशी. कप्तानांनी न्यूट्रलला टाकली आणि दोन्ही पाय टेकवून बसले. इंजिन धडधडत होतं. बोगद्यात त्याचा आवाज चारही बाजूंनी परत यायचा आणि छातीत बसायचा.

थोड्याच वेळात गारवा संपला. इतक्या गाड्यांची धग, धूर, आणि वाऱ्याला फिरकायला जागा नाही. छताला मोठाले पंखे टांगलेले होते, ते फिरत नव्हते. काही ट्रकवाल्यांनी इंजिनं बंद केली. वहिनींच्या जाकिटात घामाच्या धारा लागल्या. सीटखालून ऊब येत होती. मग ती ऊब राहिली नाही. त्यांनी उजवा पाय पायटेकणीवरून उचलून जरा बाहेर धरला.

आणि वाट बघायला लागल्या. आता म्हणतील, चावतेय. आत्ता म्हणतील.

कप्तान आरामात बसले होते. दोन बोटांनी हँडलवर ताल धरला होता.

“अहो, तापलीय ना?”

“छे! गारेगार आहे. तेल बदललं ना, त्याची करामत.”

“मला खालून धग लागतेय.”

“पुढच्या कंटेनरची असेल. तुला काय, पंख्याखाली बसूनही धग लागते.”

“तरी बंद करून ठेवा. तुमचाच नियम आहे.”

“चावली की करीन ना! अजून ऊबसुद्धा नाही. सारखी बंद-चालू केली तर बॅटरी बसेल, मग बोगद्यात ढकलायला काय तुझा बाप येणार आहे?”

“माझा बाप कधीच गेला, तुमच्याशी वाद घालून दमला बिचारा.”

कप्तान हेल्मेटमध्ये हसले. वहिनीही हसल्या, पण ते हसू ओठांवरच विरलं. अजून ऊबसुद्धा नाही? त्यांची स्वतःची पोटरी नळीपासून कितीतरी मागे, आणि ती पँटीच्या जाड कापडातून भाजायला लागली होती. कप्तानांची तर नळीच्या ऐन शेजारी.

मग तो आवाज आला. धडधडीच्या आत, खोल कुठेतरी, टकटक, टकटक. दातांवर दात आपटावेत तसा. हा आवाज वहिनींनी आयुष्यात एकदाच ऐकला होता, तांड्यातल्या दुसऱ्याच एका गाडीतून, आणि त्यानंतर ती गाडी ट्रकात घालून घरी न्यावी लागली होती. इंजिन आतून जळत असल्याचा आवाज. तेव्हा सगळ्यांत आधी तो ओळखला होता तो कप्तानांनी. आता त्यांच्या कानी तो पडत नव्हता की काय? कान त्यांचेही म्हातारे झाले होते, त्यात हेल्मेट, त्यात बोगद्याचा घुमारा.

बाजूच्या ट्रकवाल्यानं खिडकीतून डोकं काढलं. तरणा माणूस, कपाळाला घाम पुसायचा रुमाल बांधलेला. “काका, बंद करा की! इथं सगळ्यांनी बंद केलंय, तुमचीच तेवढी चालूय. तिचा आवाज बदललाय.”

“माझी गाडी मला कळते,” कप्तान म्हणाले. “तुझ्या जन्माआधीपासून.”

“कळते तर बंद करा ना मग.” त्यानं डोकं आत घेतलं.

वहिनींनी श्वास घेतला आणि त्यांच्या नाकाला वास लागला. तापलेल्या तेलाचा वास त्यांच्या ओळखीचा होता. हा त्याच्या वरचा, गोडसर, कोंदट, प्लास्टिकची पिशवी चुलीत पडल्यासारखा. आणि त्याच्याही खाली आणखी एक. तो त्यांनी ओळखला, पण त्याला नाव द्यायला मन तयार होईना.

कप्तानांच्या खांद्याला धरून त्यांनी उजवीकडे वाकून बघितलं.

बोगद्याच्या पिवळ्या उजेडात त्यांना दिसलं. कप्तानांचा पाय नळीपासून दोन बोटांवर नव्हता. पाय नळीला टेकलेला होता. नुसता टेकलेलाही नव्हता, रेललेला होता, दमलेला माणूस दारच्या खांबाला टेकून उभा राहावा तसा. पँटीचं कापड वितळून चकचकीत झालं होतं, त्याच्या कडेनं बारीकसा धूर वर चढत होता. आणि वर कप्तान बसले होते, ताठ, निवांत, दोन बोटांनी ताल धरत.

वहिनींची किंकाळी गळ्यापर्यंत आली आणि त्यांनी ती तिथंच दाबली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. ओरडल्या तर हे दचकतील. दचकले तर तोल जाईल. दोन माणसं आणि पेट्यांसकट एवढं ओझं त्या बधीर पायावर येईल आणि गाडी पडेल ती त्याच बाजूला, तापल्या नळीखाली त्यांना घेऊन, ट्रकच्या चाकांत. तो पाय त्यांना सावरणार नाही. त्या पायाला ते पडताहेत हेसुद्धा कळणार नाही.

“अहो,” त्या म्हणाल्या. आवाज स्वतःचाच परका वाटला. “हलू नका. जरासुद्धा.”

“का? काय झालं?”

जन्मभरात वहिनींनी कप्तानांच्या हँडलला कधी हात लावला नव्हता. मागच्यानं मागचं बघावं, हा अलिखित करार होता. आज त्यांनी कप्तानांच्या काखेखालून हात पुढे घातला, लाल बटण चाचपलं आणि दाबलं.

धडधड थांबली. शांतता इतकी अचानक पडली, की ट्रकवाल्यानं पुन्हा डोकं काढलं. इंजिन आतल्या आत तडतडत होतं.

“अगं काय केलंस? आता तापलेली सुरू होणार नाही ती!”

“तापलेली? आत्ता तर गारेगार होती ना?” वहिनी डाव्या बाजूनं उतरल्या, गाडीच्या मागून वळसा घालून उजवीकडे आल्या आणि ट्रकवाल्याला म्हणाल्या, “बाळा, पाणी आहे का रे? लवकर.”

त्यानं कप्तानांच्या पायाकडे बघितलं की धुराकडे, कोण जाणे. पण रेडिएटरसाठी ठेवलेला कॅन घेऊन तो उडी मारूनच खाली आला. इंजिनावरच्या पात्यांतून गरम हवेच्या लाटा उठत होत्या. त्यानं झाकण काढलं आणि कॅन सरळ इंजिनावर उचलला.

“इंजिनावर नको!” कप्तान ओरडले. “फुटेल! तापल्या लोखंडावर गार पाणी घालतात का, गाढवा?”

“पायावर ओत,” वहिनी म्हणाल्या. “पायावर, पायावर!”

“पायाला काय झालंय?” कप्तान म्हणाले.

ट्रकवाला कॅन हातात धरून तसाच थांबला. त्यानं कप्तानांकडे बघितलं, मग वहिनींकडे. त्या माणसाचा चेहरा वहिनींच्या कायमचा ध्यानात राहिला. भूत बघितल्यावर माणूस असा दिसत असेल.

वहिनी खाली बसल्या. दोन्ही हातांनी त्यांनी कप्तानांची टाच आणि गुडघा धरला आणि पाय हळूच बाहेर ओढला. कापडाचा एक तुकडा नळीवरच राहिला, धुमसत. पाणी पडलं. वाफ आली. आणि कप्तानांनी मान वाकवून पहिल्यांदा खाली बघितलं.

वहिनी त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. आता विव्हळतील, आता दात आवळतील. विव्हळले असते तर बरं झालं असतं. देवाशपथ बरं झालं असतं. कप्तानांच्या पोटरीवर तळहाताएवढी जागा पांढरी पडली होती, कडेला लाल, मध्ये वितळलेलं कापड रुतलेलं, आणि कप्तान त्याच्याकडे फक्त बघत होते.

“हे कधी झालं?” त्यांनी विचारलं.

ट्रकवाल्यानं कॅन आणखी वाकवला.

“मला लागलंच नाही गं.”

“कळलं,” वहिनी म्हणाल्या.

“अगदी काही नाही. ऊबसुद्धा नाही.”

“कळलं हो. आता बोलू नका.”

ट्रकवाला पाणी ओतत राहिला. कॅन रिकामा झाल्यावर मागच्या गाडीतल्या एका बाईनं बाटल्या आणून दिल्या. कोणीतरी म्हणालं, कापड ओढून काढू नका, डॉक्टर काढतील. कोणीतरी रुग्णवाहिकेला फोन लावायला बघत होतं, पण डोंगराच्या पोटात फोन कसला लागतो! वहिनींना लोकांचे पाय दिसत होते, बूट, चपला, सँडल. त्या सगळ्या पायांना खालचा रस्ता लागतोय, असा विचित्र विचार त्यांच्या मनात येऊन गेला.

एवढ्यात पुढचे लाल दिवे विझायला लागले. रांग हलली. मागून भोंगे सुरू झाले, बोगद्यात ते कान फोडत होते. ज्यांना काय झालंय ते दिसत नव्हतं, त्यांना घरी जायचं होतं.

कप्तानांनी सवयीनं सुरू करायचं बटण दाबलं. गाडी नुसती कण्हली. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मग त्यांनी उजवा पाय किककडे नेला, आणि तो मध्येच थांबवला. किक कुठे आहे ते ते डोळ्यांनी शोधत होते. इतकी वर्षं त्या पायाला न बघता सापडायची ती.

“उतरा,” वहिनी म्हणाल्या.

“कोण नेणार गाडी?”

“ढकलत नेऊ. उतरा आधी. डाव्या पायावर उतरा, माझ्या खांद्यावर भार द्या.”

कप्तान उतरले. तांड्याच्या पुढे उभा जन्म काढलेला माणूस वहिनींच्या खांद्याला धरून उभा राहिला. ट्रकवाल्यानं त्यांना काखेत धरून आपल्या ट्रकमध्ये चढवलं. गाडी मागच्या मोटारीतले दोन पुरुष ढकलत घेऊन आले.

बोगद्याच्या तोंडाशी ऊन होतं. इतकं लख्ख, की डोळ्यांना खुपलं. रस्त्याकडेला भराव धरून ठेवणारी बुटकी भिंत होती, तिच्यावर कप्तानांना बसवलं, आणि शेजारी गाडी उभी केली. फोन लागला. रुग्णवाहिका निघाली, म्हणाले. ट्रकवाला थांबतो म्हणत होता. वहिनींनीच त्याला जा म्हटलं, त्याच्यामुळे मागे पुन्हा रांग लागत होती. जाताना तो कप्तानांना म्हणाला, “काका, मघाशी उलट बोललो, राग मानू नका.” कप्तानांनी मान हलवली. गाढव म्हटल्याबद्दल तेच काहीतरी म्हणणार होते, तोवर ट्रक निघाला.

मग दोघंच उरले. समोरून गाड्या जात होत्या. डोंगराच्या उतारावर एक टपरीएवढं बंद घर, बाकी माळ.

“बूट काढू दे तो,” वहिनी म्हणाल्या. “पाय सुजला तर मग निघणार नाही.”

त्यांनी चेन खाली ओढली, बूट जपून काढला, मोजा काढला. पाऊल धड होतं. गोरं, स्वच्छ, नखं कापलेली. तळव्याला मात्र टाचेजवळ एक जुनी जखम होती, वाळून काळी पडलेली, कधीतरी काहीतरी रुतलेलं असावं. तिची कधी कोणाला खबरच नव्हती. तिच्या मालकालासुद्धा.

वहिनींनी ती बोटानं झाकली. मग वाटलं, कशाला झाकायची?

“वहिनी,” कप्तान म्हणाले. फार लाडात किंवा फार अडचणीत असले की तेही तिला वहिनीच म्हणायचे. “मी डोळे मिटतो. तू एकेक बोट दाब. मी सांगतो कुठलं.”

“नको. डॉक्टर बघतील ना.”

“डॉक्टर बघतील ते त्यांच्यासाठी. मला आत्ता बघायचंय.”

त्यांनी डोळे मिटले. वहिनींनी उजवा अंगठा चिमटीत धरला आणि दाबला. मग जोर केला. मग नख रुतवलं, इतकं की नखाखालची कातडी पांढरी झाली.

“कर ना सुरुवात,” कप्तान म्हणाले.

वहिनींच्या डोळ्यांपुढे रस्ता, गाड्या, माळ सगळं एक झालं. त्यांनी नख काढलं नाही.

“अगं, कर ना.”

“केलीय,” वहिनी म्हणाल्या. “मघापासून दाबतेय.”

कप्तानांनी डोळे उघडले नाहीत. एक मोठी बस गेली, तिच्या वाऱ्यानं त्यांचे पांढरे केस उडाले आणि पुन्हा बसले.

“डावा बघ,” ते म्हणाले.

वहिनी उठल्या, दुसऱ्या बाजूला येऊन बसल्या. डाव्या बुटाची चेन अडकत होती. ती त्यांनी खाली ओढली, बूट काढला, मोजा काढला. कप्तान मान ताठ करून, डोळे घट्ट मिटून बसले होते, परीक्षेला बसलेल्या पोरासारखे.

“करंगळी,” ते म्हणाले. ठणकावून.

वहिनींचा हात अजून पावलाशी पोचलाही नव्हता.

“थांबा,” त्या म्हणाल्या. “मी हात लावलेला नाही अजून.”

कप्तानांच्या मिटलेल्या पापण्या हलल्या.

“लाव मग,” ते म्हणाले. “लवकर लाव. भीती वाटतेय मला.”

वहिनींनी दोन बोटांत त्यांची करंगळी धरली. दाबायच्या आधी आपलीच बोटं गार पडलीत का, कापताहेत का, हे त्यांनी बघितलं. मग हळूच दाबली, आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.